वॉर्निश कुठे संपतं आणि चित्र कुठे सुरू होतं

गोव्यातल्या जुन्या घरांत साफसफाईचा मोठा हंगाम ठरलेला असतो. कुणाकडे तो चतुर्थीच्या आधी येतो, कुणाकडे गावच्या फेस्ताच्या आधी. भिंतींना रंग लागतो, खुर्च्यांना पॉलिश होतं, पितळेच्या समया नाहीतर मेणबत्त्यांचे स्टँड चिंचेने घासून लख्ख होतात. मग कुणाची तरी नजर दिवाणखान्यातल्या किंवा कपेलातल्या जुन्या तैलचित्राकडे जाते. पणजोबांचं पोर्ट्रेट असेल, एखादा संत असेल. चित्र इतकं काळवंडलेलं, की चेहरा आहे एवढंच कळतं. मग सूचना सुरू होतात. एकजण म्हणतो थिनरने पुसा, दुसरा म्हणतो स्पिरिट बरं, आणि एखादी आजी खात्रीने सांगते की अर्धा बटाटा किंवा कांदा फिरवला की चित्र नव्यासारखं होतं.

स्पिरिटवाल्याचं ऐकलं तर पहिली दोन मिनिटं जादू झाल्यासारखी वाटते. कापसावर कोऱ्या चहाच्या रंगाचा डाग उमटतो, खालून निळं आकाश बाहेर येतं, सगळे वाहवा करतात. हात थांबत नाही. पाचव्या मिनिटालाही कापसावर तपकिरीच येत असतं. फक्त आता ते वॉर्निश नसतं, पणजोबांच्या मिशा असतात.

कापसावर आलेलं तपकिरी नेमकं कशाचं, हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. जगातल्या मोठ्या संग्रहालयांनी यावर दीड-पावणेदोनशे वर्षं भांडणं केली आहेत. आपल्या मंडळात कवितेवर, पाठभेदांवर, भाषांतरावर चर्चा होतात. चित्रं साफ करण्याचा विषय इथे कशाला, असं वाटेल. पण पुढे वाचा, हा प्रश्न आपल्याच घरातला आहे असं वाटायला लागेल.

आधी वॉर्निश लावतातच का ते पाहू. नदीतला गोटा ओला असताना किती सुंदर दिसतो, आणि घरी आणून सुकला की किती फिका पडतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तैलरंग वाळल्यावर असंच होतं. पृष्ठभाग कुठे चकचकीत, कुठे कोरडा दिसतो. गडद रंगांची खोली जाते. वर पारदर्शक लेप दिला की गोटा पुन्हा ओला झाल्यासारखा दिसतो. दुसरं कारण व्यवहारी आहे. धूळ, मेणबत्तीची काजळी, माश्यांची घाण हे सगळं रंगावर न बसता लेपावर बसतं. लेप खराब झाला की काढायचा, नवा द्यायचा, अशी मूळ कल्पना. छत्रीसारखी.

हा लेप बहुधा झाडाच्या राळेचा असे. मॅस्टिक नावाची राळ ग्रीसच्या किऑस बेटावरच्या झाडांची. डामर ही दुसरी, आग्नेय आशियातल्या झाडांची. एकोणिसाव्या शतकापासून तिचा वापर वाढला. (डामर म्हटलं की रस्त्यावरचं डांबर डोळ्यांसमोर येईल. ते वेगळं, ही राळ ताजी असताना काचेसारखी फिकट असते.) राळ टर्पेंटाइनमध्ये विरघळवून ब्रशने लावली, टर्पेंटाइन उडून गेलं, की मागे राळेची पातळ काच उरते.

ही काच कायम पारदर्शक राहत नाही. प्रकाश आणि हवेतला ऑक्सिजन मिळून राळेचे रेणू बदलत जातात. लेप आधी पिवळसर, मग मधासारखा, मग काकवीसारखा होतो. निळं आकाश हिरवट दिसतं, पांढरा झगा लोण्याच्या रंगाचा होतो. शिवाय लेपाला बारीक बारीक चिरा पडतात, प्रकाश त्यांत विखुरतो, आणि चित्रातला खरा काळोखही धुरकट होतो. म्हणजे उजेड काळवंडतो आणि अंधार पांढुरका होतो. दोन्ही टोकं मधल्या चिखलात येऊन मिळतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात वर आणखी एक निळसर पांढरा धुरळा धरतो, तो दमट हवेचा प्रसाद.

या काळवंडण्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे रेम्ब्रांटचं १६४२ सालचं मोठं चित्र, ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये असलेलं. कॅप्टन फ्रान्स बॅनिंक कॉक आणि त्याच्या नागरी पथकाचं हे चित्र. रेम्ब्रांटने त्यात रात्र रंगवलेली नाही. पण मळकट वॉर्निशमुळे चित्र इतकं काळं पडलं की अठराव्या शतकाच्या शेवटी लोक त्याला ‘रात्रीचा पहारा’ म्हणायला लागले, आणि ‘नाइट वॉच’ हे नाव आजतागायत चिकटलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६–४७ मध्ये, जुनं वॉर्निश काढलं तेव्हा सैनिक पुन्हा उजेडात आले. नाव मात्र परत गेलं नाही.

याच चित्राने वॉर्निशची दुसरी बाजूही दाखवली. १९९० मध्ये एका माणसाने त्यावर ॲसिड फवारलं. पहारेकऱ्यांनी लगेच पाणी मारलं, आणि ॲसिड वॉर्निशच्या थरातच अडकलं. खालच्या रंगापर्यंत पोचलं नाही. छत्रीने आपलं काम केलं.

मग छत्री मळली की काढायची, इतकं सोपं का नाही? इथे थोडं रसायनशास्त्र लागतं. कला शाखेच्या मंडळींनी घाबरू नये, दोनच गोष्टी आहेत.

तैलरंग म्हणजे जवसाच्या तेलात घोटलेली रंगाची पूड. हे तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं, आणि त्याचे रेणू एकमेकांचे हात धरून जाळं विणतात. या जाळ्यात रंगाचे कण अडकून बसतात. जाळं घट्ट व्हायला महिने नव्हे, वर्षं लागतात. राळेचं तसं नाही. तिचे रेणू लहान, सुटे, एकमेकांशेजारी नुसते बसलेले. त्यामुळे योग्य द्रावक मिळालं की राळ विरघळून निघून जाते आणि तेलाचं जाळं जागेवर राहतं. वॉर्निश काढण्याची सगळी शक्यता या एका फरकावर उभी आहे.

आता दुसरी गोष्ट, आणि खरी अडचण तिच्यात आहे. ताजी राळ टर्पेंटाइनसारख्या सौम्य द्रावकात निघते. पण म्हातारी झालेली राळ रासायनिकदृष्ट्या बदललेली असते. तिला अल्कोहोल, ॲसिटोन असली जास्त तिखट द्रावकं लागतात. (ॲसिटोन म्हणजे नेलपॉलिश काढायला वापरतात ते.) तेलाचं जुनं जाळं या द्रावकांत विरघळत नाही, पण ओल्या डाळीसारखं फुगतं. फुगलेला रंग मऊ असतो, त्यावर कापूस जरा जोराने फिरला तर रंगाचे कण सुटतात. रंग सुटला नाही तरी जाळ्यातले काही सुटे, स्निग्ध रेणू द्रावक आपल्याबरोबर घेऊन जातं. चित्र वरवर धड दिसतं, पण रंग कोरडा, ठिसूळ झालेला असतो. म्हणजे वॉर्निश जितकी वर्षं अंगावर राहील, तितकं ते काढायला तिखट द्रावक लागणार, आणि तितके आपण रंगाच्या धोक्याच्या हद्दीजवळ जाणार. सुरक्षित पट्टी वर्षागणिक अरुंद होत जाते.

त्यात चित्रकार मंडळी स्वतःही अडचणी निर्माण करून ठेवतात. पुष्कळांनी रंगाच्या शेवटच्या पातळ, पारदर्शक लेपात राळ मिसळलेली असे. गालावरची लाली, साडीच्या घडीतली सावली अशा जागी हा लेप असतो. इंग्लंडच्या सर जोशुआ रेनल्ड्सने तर तेलात मॅस्टिक, मेण, आणखी काय काय घालून प्रयोग केले. त्याची चित्रं साफ करायची म्हटलं की आजही संवर्धकांना घाम फुटतो. कारण वॉर्निश विरघळवणारं द्रावक त्या लेपालाही तितक्याच प्रेमाने विरघळवतं. तिथे वॉर्निश आणि चित्र यांच्यात रासायनिक भिंतच नाही.

आता आपल्या घरातला प्रश्न. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. पुढची जवळजवळ तीनशे वर्षं ती हातांनी उतरवली गेली. उतरवणाऱ्यांनी शब्द बदलले, सोपे केले, कुणी आपल्या ओव्या घुसडल्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ती शुद्ध केली. मराठीतलं हे पहिलं मोठं वॉर्निश काढण्याचं काम, असं मी म्हणेन. एकनाथांपुढेही हाच प्रश्न असणार: ही ओवी मुळातली, की वरून चढलेली? जुना शब्द म्हणून ठेवायचा, की चूक म्हणून काढायचा? पण संपादकाजवळ एक सोय असते. त्याने चुकीची ओवी काढली तरी ती दुसऱ्या कुठल्या तरी पोथीत शिल्लक राहू शकते, पुढचा संपादक ती परत आणू शकतो. चित्राची दुसरी प्रत नसते. कापसावर आलेला रंग परत कॅनव्हासवर बसवता येत नाही. संवर्धनाच्या क्षेत्रात बहुतेक सगळी कामं परत फिरवता येतील अशी करावीत, असा दंडक आहे. नवं वॉर्निश पुढे काढता येतं, दुरुस्तीचा रंग काढता येतो. साफसफाई हा त्याला मोठा अपवाद आहे.

म्हणूनच जाणकार माणूस चित्र हातात आल्यावर बराच काळ त्याला काहीच करत नाही. नुसतं बघतो. समोरून, मागून, बाजूने तिरपा प्रकाश टाकून. तिरप्या प्रकाशात रंगाचे सुटलेले पापुद्रे उभे दिसतात. ते असतील तर आधी सरसासारख्या चिकट द्रव्याने ते बसवायचे, मगच पुढचं. मग खोलीत अंधार करून अतिनील दिवा लावतात. जुनी राळ या प्रकाशात हिरवट पिवळी चमकते, शेवाळलेल्या पाण्यासारखी. नंतरच्या काळात कुणी वॉर्निशच्या वर रंगाची दुरुस्ती केली असेल तर ती काळ्या डागांसारखी दिसते. कुठे आधीच कुणी अर्धवट साफ करून सोडलेलं असेल तर तेही लपत नाही. प्रत्येक टप्प्याचे फोटो काढले जातात.

यानंतर वरची धूळ आणि काजळी. ती वॉर्निशपेक्षा वेगळी गोष्ट आहे, वेगळ्या उपायाने जाते, आणि कित्येकदा ती गेल्यावर कळतं की वॉर्निश आपण समजलो तितकं वाईट नव्हतंच. या कामाला संवर्धक पिढ्यान्‌पिढ्या एक द्रव वापरत आले आहेत, तो म्हणजे थुंकी. हसू नका. १९९० मध्ये पोर्तुगालच्या तीन संशोधकांनी थुंकी खरोखर काम करते का ते तपासलं, आणि तिच्यातल्या अमायलेज या एन्झाइमला बरंच श्रेय दिलं. त्या अभ्यासाला २०१८ साली रसायनशास्त्राचं इग नोबेल मिळालं. हे पारितोषिक आधी हसायला आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामांना देतात. थुंकी कोमट असते, तिची आम्लता मवाळ असते, फुकट मिळते. वॉर्निश मात्र तिने निघत नाही. बटाट्यात आणि कांद्यात हीच आशा असावी, पण त्यांचा रस आणि स्टार्च चिरांमध्ये शिरून राहतो आणि आपल्या हवेत बुरशीला आयतं जेवण मिळतं.

आता वॉर्निशची चाचणी. बांबूच्या बारीक काडीला तांदळाच्या दाण्याएवढा कापूस गुंडाळतात. चित्राच्या कडेला, फ्रेमखाली झाकली जाणारी जागा निवडतात. सुरुवात नेहमी अशा सौम्य द्रावकाने करायची की ज्याने काही होणारच नाही. मग त्यात अल्कोहोल किंवा ॲसिटोन थोडं थोडं वाढवायचं, दर वेळी दहा-दहा टक्क्यांनी, आणि दर पायरीला थांबून कापसाकडे पाहायचं. ज्या सगळ्यात सौम्य मिश्रणाने वॉर्निश निघायला लागतं, ते आपलं मिश्रण. त्याहून तिखट कशाला? काम लवकर होतं म्हणून? या धंद्यात लवकर हा शब्द वाईट आहे.

एका जागी चाचणी जमली म्हणजे सगळ्या चित्राची परवानगी मिळाली असं नाही. प्रत्येक रंगाची वेगळी चाचणी लागते. शिशाचा पांढरा रंग तेलाशी चांगला घट्ट बसतो, तो बराच मार सोसतो. तपकिरी माती, काळे, आणि लाखेसारखे पारदर्शक लाल हे नाजूक. म्हणजे पणजोबांचा पांढरा शर्ट स्पिरिट सोसेल आणि केस सोसणार नाहीत. स्पिरिटवाला शर्टापासून सुरुवात करतो, काही बिघडत नाही हे पाहतो, धीट होतो आणि वर चेहऱ्याकडे सरकतो. शर्टाने त्याला फसवलेलं असतं.

प्रत्यक्ष कामात कापूस घासत नाहीत, लाटतात. पोळी लाटल्यासारखा तो बोटांत फिरवत फिरवत पुढे न्यायचा, कारण घासण्याने मऊ झालेला रंग ओरखडतो. पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा घ्यायचा, दोन-चार वळशांत कापूस मळला की टाकायचा, नवा घ्यायचा. मळका कापूस फिरवत राहिलं तर काय निघतंय तेच दिसत नाही. एका मध्यम आकाराच्या चित्राला शेकडो काड्या लागतात. डोळ्यांवर भिंग, किंवा समोर सूक्ष्मदर्शक. कापसावर पिवळं-तपकिरी सोडून दुसऱ्या कुठल्याही रंगाची छटा आली की हात तिथेच थांबला पाहिजे. आणि चित्रातला रंगच तपकिरी असेल तर? तर कापूस काहीच सांगत नाही. तिथे अतिनील दिवा, भिंग आणि अनुभव एवढंच हाताशी असतं.

गेल्या काही दशकांत हत्यारं बदलली आहेत. अमेरिकेतल्या रिचर्ड वोल्बर्स यांनी द्रावक जेलीसारखं घट्ट करून वापरण्याच्या पद्धती रुजवल्या. पातळ द्रावक चिरांतून खाली झिरपतं; जेली वरच बसून राहते, तिला ठरावीक मिनिटं ठेवून उचलता येतं. आगर-आगर, आपण चायना ग्रास म्हणतो ते, त्याच्याही चकत्या वापरतात. ‘नाइट वॉच’वर २०१९ पासून मोठा अभ्यास चालू आहे, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात तिथल्या संवर्धकांनी पुन्हा वॉर्निश काढायला घेतलं. काचेच्या खोलीत, प्रेक्षकांच्या देखत. या वेळचं वॉर्निश जुन्या काळचं नाही. १९७५ मध्ये एकाने चित्रावर सुरी चालवली होती, त्या दुरुस्तीनंतर चढवलेलं आहे. द्रावकात भिजवलेलं कापड अगदी थोडा वेळ चित्रावर ठेवायचं, वॉर्निश त्यात शोषलं जातं, उरलेलं कापसाच्या काडीने. घासणं जवळजवळ नाहीच. आधी किती तयारी, बघा: पाच वर्षं तपासणी, मग पहिला कापूस.

काम करणाऱ्या माणसाचीही काळजी घ्यावी लागते, हे सहसा कुणी सांगत नाही. ही द्रावकं पेट घेतात, त्यांची वाफ डोक्यात जाते. हातमोजे, वाफ ओढून घेणारी नळी आणि वापरलेल्या कापसासाठी झाकणाचा धातूचा डबा, याशिवाय काम करायचं नसतं.

आता भांडणं. लंडनच्या नॅशनल गॅलरीत १८४६ मध्ये काही चित्रं साफ झाली, त्यात रूबेन्सचं युद्ध आणि शांतता या विषयावरचं चित्र होतं. चार्ल्स ईस्टलेक तेव्हा तिथले प्रमुख कीपर. ‘टाइम्स’मध्ये संतापाची पत्रं आली: चित्रं सोलून काढली! प्रकरण इतकं वाढलं की १८५३ मध्ये संसदेच्या समितीने चौकशी केली. त्यामागे अभिरुचीचा मामलाही होता. त्या काळच्या पुष्कळ रसिकांना जुनं चित्र तपकिरीच असावं असं वाटे. सर जॉर्ज बोमंट हे त्यांतले एक. चित्राचा रंग जुन्या व्हायोलिनसारखा हवा, असं त्यांचं मत. यावर जॉन कॉन्स्टेबलने एक व्हायोलिन उचलून हिरव्या गवतावर ठेवलं, असा किस्सा सांगतात. मला तो फार आवडतो, कारण त्यात वाद घालायला एक शब्दही लागत नाही.

म्युनिकमध्ये माक्स फॉन पेटेनकोफर या रसायनशास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात वेगळाच तोडगा काढला. वॉर्निश काढूच नका. चित्राला अल्कोहोलच्या वाफेच्या पेटीत ठेवा. वाफेने वॉर्निश मऊ होतं, चिरा मिटतात, लेप पुन्हा पारदर्शक होतो. हात न लावता! त्या काळी हे वरदान वाटलं. पुढे लक्षात आलं की वाफ वॉर्निशपाशी थांबत नाही, खालचा रंगही मऊ होतो, आणि कधी कधी दोन्ही एकमेकांत मिसळतात. म्हणजे जी सीमा शोधायची तीच पुसली गेली.

महायुद्धात नॅशनल गॅलरीची चित्रं वेल्समधल्या खाणीत सुरक्षित ठेवली होती. युद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, साफ केलेल्या चित्रांचं प्रदर्शन भरलं आणि भांडण नव्याने पेटलं. गॅलरीचे हेल्मुट रूहेमान पूर्ण साफसफाईच्या बाजूचे. इटलीचे चेझारे ब्रांदी यांचं म्हणणं, की काळाने चित्रावर चढवलेली साय हाही चित्राच्या इतिहासाचा भाग आहे, आणि चित्रकारांनी स्वतः रंगीत लेप दिलेले असू शकतात. पुढे १९६२ मध्ये कलेतिहासकार गोम्ब्रिख यांनी प्लिनीचा दाखला काढला: ग्रीक चित्रकार ॲपेलीस आपल्या पूर्ण झालेल्या चित्रांवर मुद्दाम गडद पातळ लेप देई, असं प्लिनीने लिहून ठेवलं आहे. मग गडदपणा चित्रकाराला हवा असलेलाच नव्हता, हे कशावरून?

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण माझा कल थोडं शिल्लक ठेवणाऱ्यांकडे आहे. वॉर्निश पूर्ण न काढता पातळ करायचं, रंगाला चिकटलेला शेवटचा पापुद्रा तसाच राहू द्यायचा. चित्र थोडं उबदार, थोडं पिवळसर राहील. ज्याला ते आणखी स्वच्छ हवं, त्याला पन्नास वर्षांनी चांगलं हत्यार घेऊन ते करता येईल. उलटं कुणालाच करता येणार नाही. शिवाय रंगही आतून बदललेले असतात; काही लाल उडतात, काही हिरवे तपकिरी होतात. वॉर्निश शंभर टक्के काढलं म्हणून १६४२ ची सकाळ परत येत नाही.

थर शिल्लक ठेवण्याचा फायदा काय, हे ड्रेस्डेनच्या एका चित्राने छान दाखवलं. फर्मेरचं उघड्या खिडकीशी पत्र वाचणारी मुलगी हे चित्र. तिच्या मागे रिकामी भिंत. त्या भिंतीखाली मदनाचं चित्र रंगवलेलं आहे हे १९७९ मध्ये क्ष-किरणांनी कळलं होतं, पण सगळे समजत होते की फर्मेरनेच विचार बदलून ते झाकलं. २०१७ मध्ये वॉर्निश काढायला सुरुवात झाली तेव्हा लक्षात आलं की भिंतीचा रंग इतर रंगांपेक्षा वेगळा वागतो. सूक्ष्म नमुना घेऊन आडवा छेद पाहिला, तर मदन आणि भिंतीचा रंग यांच्या मध्ये जुन्या वॉर्निशचा आणि मळाचा थर निघाला. मळ साचायला वर्षं लागतात. म्हणजे भिंत फर्मेरच्या नंतर, दुसऱ्याच कुणीतरी रंगवलेली. मग संवर्धकाने सूक्ष्मदर्शकाखाली, स्केलपेलने, कण कण करून तो वरचा रंग उतरवला, आणि २०२१ मध्ये मदन लोकांपुढे आला. आधीच्या कुणी उत्साहाने खोलवर साफसफाई केली असती तर मळाचा तो थर, म्हणजे एकमेव साक्षीदार, कापसाबरोबर कचऱ्यात गेला असता.

असे थर पाहायला ड्रेस्डेनला जायची गरज नाही. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात पोर्तुगीज व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांच्या चित्रांची रांग आहे. १५४७ मध्ये दों जुआंव दे कास्त्रो याने ही मालिका सुरू करवली. गास्पार कोरैया याने आराखडे दिले आणि इथल्याच एका चित्रकाराने ती रंगवली. त्या चित्रकाराचं नाव कोरैयाने लिहिलं नाही. पुढच्या शतकांत दमट हवेने चित्रं खराब होत गेली आणि दर वेळी कुणी ना कुणी त्यांवर नवा रंग चढवत गेलं. त्यामुळे तिथे उभं राहून एखाद्या व्हाइसरॉयच्या दाढीकडे पाहताना विचारावं लागतं, ही दाढी कुठल्या शतकातली? वरचे थर काढावेत का? काढले तर खाली त्या अनाम चित्रकाराचा हात सापडेल, किंवा नुसतं उघडं लाकूड. दोन्ही शक्य आहे.

आणि पणजीला फुंदासांव ओरिएंतमध्ये आंतोनियो शाव्हियर त्रिंदाद यांची चित्रं आहेत. सांग्याचा जन्म, १८७० चा, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकवलं; १९३५ मध्ये निधन. त्यांना पूर्वेचा रेम्ब्रांट म्हणत. उजेड-अंधाराच्या खेळात मुरलेला हात. अशा चित्रकाराच्या बाबतीत साफसफाई सर्वात अवघड, कारण अंधार हाच त्याचा रंग असतो. ती चित्रं बघायला जाल तेव्हा पार्श्वभूमीचा काळोख जरा वेळ घेऊन पाहा. चांगल्या चित्रातल्या काळोखात थर असतात, मागे खुर्ची, पडदा, दार असं काहीतरी हळूहळू दिसायला लागतं. वॉर्निशचा काळोख सपाट असतो, त्यात मागे काही नसतं.

साफसफाई झाल्यावर चित्राला नवी छत्री लागतेच. आता बहुधा कृत्रिम राळा वापरतात. त्या फारशा पिवळ्या पडत नाहीत, आणि मुख्य म्हणजे म्हाताऱ्या झाल्या तरी सौम्य द्रावकात निघतात. पुढच्या माणसाला ॲसिटोनपर्यंत जावं लागू नये, हा हिशेब. रंग उडालेल्या जागी जी दुरुस्ती करायची ती या वॉर्निशच्या वर किंवा मधे, सहज निघेल अशा रंगाने.

घरी किंवा कपेलात असं चित्र असेल तर काय करायचं? पापुद्रे सुटत नसतील तर अगदी मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडायची, इतकंच. पापुद्रे सुटत असतील तर तेही नाही. ओलं फडकं नको, खोबरेल नको. तेल लावलं की चित्र दोन दिवस उजळ दिसतं आणि मग धूळ कायमची चिकटते. समोर उदबत्ती, मेणबत्ती असेल तर ती दोन हात लांब सरकवायची. बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीवरून काढून आतल्या भिंतीवर लावायचं, आणि फ्रेमच्या मागे बुचाचे तुकडे लावून हवा खेळायला जागा ठेवायची. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, लखनौला केंद्र सरकारची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा आहे, इनटॅकची केंद्रं आहेत. तिथे आधी पत्र आणि फोटो पाठवून विचारता येतं. फोटो मोबाइलवर निघतो. एक समोरून, एक खिडकीच्या तिरप्या उजेडात, एक चित्राच्या पाठीमागचा. तिथे कधी कधी चित्रकाराची सही, तारीख किंवा जुन्या दुकानाचं लेबल असतं. ते पुसू नका.